मनगटात अठ्ठावन्न, पायात ब्याण्णव

सोमवारी दुपारी तीन वाजता यशवंत मगदूम यांच्या मनगटातली नाडी मिनिटाला अठ्ठावन्न होती आणि त्याच वेळी त्यांच्या डाव्या पायातली नाडी ब्याण्णव होती. पहिला आकडा परिचारिकेच्या तक्त्यावर आहे, दुसरा निवासी डॉक्टरच्या. दोन्ही तक्ते एकाच खाटेला अडकवलेले होते. एक उशाशी, दुसरा पायथ्याशी.

शुक्रवारी सकाळी सिस्टर आवळे यांनी ते दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"उपाध्ये सर, एक विचारू? माणसाला हृदयं किती असतात?"

"का?"

"आम्हाला एकच शिकवलं होतं. डॉक्टरांच्या पुस्तकात जास्त असतील तर माहीत नाही." त्यांनी उशाच्या तक्त्यावर नख ठेवलं. "अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, साठ, साठ, सत्तावन्न, एकोणसाठ. दोनपासून सातपर्यंत. हे आकडे उशाशी लावलेल्या यंत्राचे आहेत, माझे नाहीत. चौकशीत कुणी विचारलं तर एवढं ध्यानात ठेवा."

पायथ्याच्या तक्त्यावर डॉ. तस्लीम मुजावरचं गोल, मुलांच्या वहीतल्यासारखं अक्षर होतं. दोन वाजता अठ्ठ्याऐंशी. तीन वाजता ब्याण्णव. चारला नव्वद. सहाला शहाण्णव. सातला चौऱ्याण्णव. पाचच्या रकान्यात आकडा नव्हता. 'लागते' एवढा एक शब्द होता आणि त्याखाली सही होती. ती माझी.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मी तेव्हा रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या युनिटमध्ये अधिव्याख्याता होतो. युनिटप्रमुख डॉ. करमरकर, त्यांच्या हाताखाली मी, आणि माझ्या हाताखाली पाच निवासी डॉक्टर. शस्त्रक्रिया करमरकर शिकवत. रुग्णाला हात कसा लावायचा, हे शिकवण्याचं काम माझं होतं.

मगदूम छप्पन्न वर्षांचे, इचलकरंजीच्या एका कारखान्यात मागांचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. बंद पडायला आलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. उभ्याने केलेली तीस वर्षांची नोकरी आणि तितक्याच वर्षांची विडी, यांच्यामुळे डाव्या मांडीतली मुख्य धमनी बंद झाली होती आणि करंगळी काळी पडू लागली होती. सोमवारी सकाळी आम्ही त्यांच्याच पायातली एक शीर काढून बंद जागेला वळसा घालून जोडली. रक्ताला नवी वाट करून दिली. एक वाजता शस्त्रक्रिया संपली तेव्हा पाय उबदार होता.

अशी वाट पहिल्या काही तासांत बंद पडू शकते. पडली आणि दोन तासांच्या आत कळली, तर पुन्हा उघडून पाय बहुधा वाचवता येतो. उशिरा कळली तर नाही. म्हणून दर तासाला निवासी डॉक्टरने पावलाच्या पाठीवर बोट ठेवून नाडी पाहायची. नाडीचा आवाज ऐकवणारं एक लहान यंत्र युनिटकडे होतं. ते तीन आठवड्यांपासून दुरुस्तीला गेलेलं होतं. तेव्हा बोट हेच यंत्र.

रात्री आठला करमरकर स्वतः आले. त्यांनी पावलाला हात लावला आणि मला पाय धरायची खूण केली. पाय गार होता. पोटरी पिठासारखी पांढरी पडली होती. आम्ही पुन्हा टाके उघडले. गुडघ्याखाली शिरेला पीळ बसला होता आणि वरपर्यंत गुठळी होती. पीळ काढला, गुठळी काढली. स्नायू मेले होते. बुधवारी मांडीतून पाय कापावा लागला.

मगदूमांच्या मेहुण्याने तक्रार केली. अधिष्ठात्यांनी चौकशी समिती नेमली. त्यांच्या पत्रात एक वाक्य होतं: नोंदी खोट्या असल्याचं सिद्ध झाल्यास संबंधित निवासी डॉक्टरची सत्रं नामंजूर करून प्रकरण वैद्यक परिषदेकडे पाठवण्यात येईल. तस्लीमची अंतिम परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. या वाक्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

करमरकरांनी मला त्याच शुक्रवारी सकाळी खोलीत बोलावलं.

"युनिटचा खुलासा तुम्ही लिहा, उपाध्ये. मंगळवारपर्यंत."

"काय लिहू, सर?"

"घडलं ते. मुलगी खाटेपाशी गेली नाही. ड्यूटी रूममध्ये बसून पुस्तक वाचत राहिली आणि रकाने भरले. परीक्षा जवळ आली की सगळे हेच करतात. आपणही केलं असेल."

"पाचला मी स्वतः पाहिली होती. नाडी होती."

"मग तर प्रश्नच मिटला. पाचपर्यंत शीर चालू होती. सहाची आणि सातची नोंद खोटी. तुमची सही आहे ना पाचला?"

"आहे."

"झालं तर."

मी कागद घेऊन निघालो. दारात ते म्हणाले, "गुठळी मात्र तीन तासांची वाटली नाही मला. जुनी होती. चिवट." मग स्वतःशीच, "पण तुमची सही आहे."

तस्लीम ड्यूटी रूममध्ये होती. टेबलावर पुस्तक नव्हतं. तिने माझ्यासाठी खुर्ची सोडली आणि खिडकीशी उभी राहिली.

"बस," मी म्हटलं.

"नको, सर. चार दिवस बसूनच आहे. वॉर्डात जाऊ देत नाहीत."

"सोमवारी खाटेपाशी किती वेळा गेलीस?"

"पाच वेळा. पाच वाजता तुम्ही होता."

"बोट ठेवलंस?"

"पूर्ण मिनिट. प्रत्येक वेळी."

"मग ब्याण्णव आले कुठून?"

"मोजले, सर."

"उशाच्या यंत्रावर अठ्ठावन्न होते."

"यंत्राकडे मी बघितलं नाही. यंत्र बघून पायाचा आकडा लिहिला म्हणून आमच्यातल्या दीक्षितला तुम्ही सगळ्या वॉर्डासमोर झापलं होतं. त्या दिवसापासून आम्ही कुणीच यंत्राकडे बघत नाही. त्याच्याकडे पाठ करूनच बसतो."

 ती पुढे म्हणाली, "सगळे सांगतात, माफीपत्र दे, परिषदेपर्यंत जाणार नाही. काल अब्बांचा फोन आला होता. तेही म्हणाले, बेटा, चूक झाली असेल तर कबूल कर. मी विचारलं, काय कबूल करू? गेले नव्हते म्हणू? मी गेले होते. त्या माणसाचा पाय गेला तेव्हा माझी ही बोटं लागली होती त्या पायाला. यातलं मी नेमकं काय नाकारू, ते तुम्ही सांगा, सर."

ती खरं बोलतेय असं मला वाटलं. पण 'वाटलं' हा पुरावा नव्हे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना रोज सांगत असे. मी उठून आलो.

दुपारी डबा खाताना दोन्ही कागद समोर होते. माणूस खोटी नोंद करतो ती कष्ट वाचवण्यासाठी. खाटेपाशी जाऊन खोटं लिहायचं असेल, तर उशाशी अठ्ठावन्न हा आकडा आयता लटकलेला आहे; तो उतरवून घेण्यात कमीत कमी कष्ट. आणि खोलीत बसून लिहायचं असेल, तर मनाला येईल तो आकडा सुचतो. बहात्तर, ऐंशी असा. पण मगदूमांना रक्तदाबाची अशी गोळी चालू होती, जिच्याने नाडी संथ पडते. ती गोळी भरतीच्या कागदावर तस्लीमच्याच अक्षरात होती. या रुग्णाची नाडी ब्याण्णव असणार नाही, हे तिला माहीत होतं. जिला हे माहीत आहे ती खोटा आकडा ब्याण्णव कशाला लिहील?

पायाच्या नाडीचा आकडा लिहिणं ही आमच्या युनिटची जुनी पद्धत होती. सगळीकडे नुसतं 'लागते' किंवा 'लागत नाही' लिहितात. करमरकरांनी आकडा सक्तीचा केला होता. आकडा लिहायचा म्हणजे मिनिटभर बोट ठेवणं भाग पडतं, हा त्यांचा हेतू. गेल्या सहा वर्षांत तो आकडा कुणी वाचला नव्हता. मीही नाही. आणि मला तर तो लिहावाही लागत नसे. मी सही करत असे.

शनिवारी सकाळी मी मगदूमांकडे गेलो. भिंतीकडे तोंड करून पडले होते. डाव्या बाजूला चादर मांडीपासून एकदम सपाट झालेली होती. त्यांची बायको स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती; मला पाहून ती उठली आणि बाहेर गेली.

"मगदूम, एक विचारायचं होतं. सोमवारी त्या डॉक्टर बाई तुमच्याकडे आल्या होत्या का?"

"चौकशी हाय व्हय?"

"हो."

"आलीती की. दर तासाला. गजर लावल्यागत." ते सावकाश माझ्याकडे वळले. "पायाला हात लावायची आन् व्हट हालवत बसायची. मला वाटलं, पोरगी दुवा मागतीया माझ्यासाठी. मग कळलं, मोजतीया."

"यंत्राकडे बघत होती?"

"छ्या. डोळं मिटून. पर दाबायची लई. म्या म्हटलं, अगं बाई, पाय हाय, लिंबू न्हवं. तर हसली. म्हणाली, काका, सरांनी सांगितलंय, लागंस्तवर सोडायचं न्हाई."

"पाय तेव्हा कसा वाटत होता?"

"गार. दोन-अडीचपासनंच गार. तिला सांगितलं. ती म्हणाली, नाडी चांगली पडतीया काका, खोलीच्या गारव्यानं वाटत असंल." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमास्नी बी सांगितलं की."

"मला?"

"पाचला. तुमचं बोट तर तिच्या वरचढ, खिळा ठोकल्यागत. म्या म्हटलं, डॉक्टर, पाय माझा न्हाईच असं वाटतंय. तुम्ही म्हणालासा, रक्त चालू आहे, निवांत झोपा."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ते माझं वाक्य होतं; मी ते रोज वापरत असे.

"तीस वर्सं माग दुरुस्त केलं," मगदूम म्हणाले. "आपला पाय बंद पडला हे मला कळलं हुतं, डॉक्टर. पर म्या म्हटलं, शिकल्याली माणसं, ह्यांच्या बोटाला लागतंय म्हंजे असंल." मग त्यांनी विचारलं, "पोरीला काढणार म्हणं?"

"अजून ठरलं नाही."

"तुमच्या हातात हाय?"

"काही अंशी."

"मग बघा," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

जिन्यावर मी थांबलो. दोन-अडीचपासून गार. करमरकरांना जुनी वाटलेली गुठळी. म्हणजे शीर पाचच्या कितीतरी आधी बंद पडली होती. आणि तरीही पाचला मला नाडी लागली होती. मृत पायातली नाडी दोन वेगवेगळ्या माणसांना लागली होती. दोघांनीही खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, निदान माझ्याबद्दल मी तसं शपथेवर सांगू शकत होतो. तर मग ती नाडी कुणाची?

त्या दुपारी मी तस्लीमला शरीररचनाशास्त्र विभागात बोलावलं. पहिल्या वर्षाला सुट्टी होती. शवविच्छेदनाचा हॉल बंद होता. किल्ली खंडूमामांकडे, तिथल्या परिचराकडे.

"कुठलं टेबल पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"कुठलंही. पाय शाबूत असलेलं. नाडी पाहायची आहे."

मामांनी कुलपातली किल्ली तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "नाडी? हितं?" मग दार ढकलत म्हणाले, "लई उशीर केलासा, डॉक्टर."

फॉर्मॅलिनने डोळ्यांना पाणी आलं. मामांनी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या देहाची चादर गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. एका वृद्ध माणसाचा पाय होता तो. तपकिरी, कठीण, नखं नीट कापलेली.

तस्लीम टेबलापासून दोन हात लांब उभी राहिली. "हे काय आहे, सर?"

"डाव्या पायाची नाडी पाहा."

"माझी थट्टा करायची असेल तर समितीसमोर करा. इथे कशाला आणलंत?"

"थट्टा नाही. मला एक मोजमाप करायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही."

ती पुढे आली. पावलाच्या पाठीवर, जिथे ठेवायची तिथे, तिने तीन बोटं टेकवली. काही क्षण गेले.

"नाही," ती म्हणाली. "कशी असेल?"

"अशी नव्हे. मगदूमांची पाहिलीस तशी."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिने डोळे मिटले, खांदा वाकवला आणि भार बोटांवर दिला. नखं पांढरी झाली. मी तिचा डावा हात हातात घेतला, मनगटावर बोटं हलकी ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

हॉलमध्ये नळ ठिबकत होता. तिचे ओठ आधी बंद होते. मग ते हलू लागले.

मिनिट पुरं झालं तेव्हा मी म्हटलं, "बोलू नको. कागदावर लिही."

तिने लिहिलं. मी माझ्या कागदावर लिहिलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. तिच्या कागदावर एकशे सात होतं, माझ्या कागदावर एकशे सहा.

तिने अजून पायावरची बोटं काढली नव्हती.

"सर."

"हं."

"लागते आहे."

"माहीत आहे."

"अजून लागते आहे, सर."  तिने हात झटकन मागे घेतला आणि आपल्या बोटांच्या टोकांकडे पाहत राहिली.

"आता माझी," मी म्हटलं. "माझं मनगट धर. आणि मोठ्याने मोजू नको."

मी बोटं ठेवली. मला खात्री होती की मला काही लागणार नाही. दहा वर्षं मी नाडी पाहायलाच शिकवत आलो होतो. हलक्या बोटाला खरोखरच काही लागलं नाही. मग रोजच्यासारखा दाब दिला, आणि त्या कठीण, थंड पावलातून एक संथ, नियमित, निःसंशय नाडी माझ्या बोटांखाली उचलली. उत्तम नाडी होती. मी तिच्याखाली बेधडक सही केली असती.

अठ्ठ्याहत्तर. तिच्या कागदावरही अठ्ठ्याहत्तर.

आम्ही दोघे त्या टेबलाशेजारच्या बाकावर बसलो. मी विचारलं, "इतकं दाबायला कधी लागलीस?"

"पहिल्या महिन्यात. तुम्हाला आठवत नसेल. बारा नंबरला एक म्हातारी होती. मी राउंडला सांगितलं, सर, नाडी लागत नाही. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'लागत नाही असं काही नसतं, मुजावर. बोट आहे की कापूस? दाब. आणि लागेपर्यंत इथून हलायचं नाही.' राउंड पुढे गेला. मी तिथेच उभी. दाबत राहिले."

"मग?"

"मग लागली."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मला सगळ्यांची लागते, सर."

त्या म्हातारीचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही. नंतर जुने कागद काढून पाहिलं. तिला खरोखरच नाडी होती की नाही, हे कागदांवरून ठरत नाही.

दोन माणसांचं निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. सोमवारी सकाळी मी उरलेल्या चार निवासी डॉक्टरांना एकेक करून त्याच टेबलाशी नेलं. कशासाठी ते सांगितलं नाही. जी सूचना राउंडला देत असे तीच दिली. तिघांना नाडी लागली. तिघांचेही आकडे त्यांच्या स्वतःच्या मनगटाशी जुळले. जास्तीत जास्त फरक दोनचा. चौथा गावित, नंदुरबारकडचा, अकरा दिवसांपूर्वी रुजू झालेला. त्याने तीनदा प्रयत्न केला. घामाघूम झाला.

"नाही लागत, सर. सॉरी."

"सॉरी कशाबद्दल?"

"बाकीच्यांना लागली असेल ना."

माझ्यासोबत एकही राउंड न केलेला तो युनिटमधला एकमेव निवासी डॉक्टर होता.

मंगळवारी खुलासा करमरकरांपुढे ठेवला. त्यांनी तो चष्मा पुढे-मागे करत दोनदा वाचला. मग उजव्या हाताची तीन बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली, दाबली, आणि मनगटी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. मी उभाच होतो. मिनिटभराने त्यांनी बोटं उचलली आणि रुमालाने पुसली.

"टेबल जिवंत आहे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात, उपाध्ये."

"हो, सर."

"समिती हे मान्य करेल. पण शेवटचा परिच्छेद काढा. शास्त्रीय कारण पुरेसं आहे. त्यात तुमचं नाव कशाला?"

"पाचची सही माझी आहे."

"ती मी सांभाळून घेतो."

"पाचला शीर चालू होती, याला माझ्या सहीखेरीज दुसरा आधार नाही, सर. ती सही उभी राहिली तर सहा आणि सातच्या नोंदी मुजावरच्या गळ्यात पडतात. आणि शास्त्रीय कारण म्हणाल, तर ते अर्धंच आहे. दाबलं की आपलीच नाडी लागते, हे एक. ती मुलगी एवढी दाबत का होती, हे दुसरं."

"पुढच्या वर्षी तुमची बढती आहे."

"माहीत आहे."

त्यांनी खुलासा माझ्याकडे सरकवला. मी तो परिच्छेद काढत नाही, हे पाहून तो परत ओढून घेतला, शेवटच्या पानावर युनिटप्रमुख म्हणून सही केली, आणि सहीखाली एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली: 'आकड्याची सक्ती माझी, तो आकडा न वाचण्याची चूकही माझी.'

समितीने तस्लीमवरचा ठपका काढला. ती दोन महिन्यांनी परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. माझ्या सेवापुस्तकात लेखी ताकीद चिकटवण्यात आली. तीही योग्यच होती. वर्षभर निवासी डॉक्टरांना शिकवण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. युनिटमध्ये पायाच्या तक्त्यावर त्या आठवड्यापासून दोन रकाने झाले: एका हाताने पाय, त्याच वेळी दुसऱ्या हाताने रुग्णाचं मनगट, दोन्ही ठोके एकत्र पडले तरच नाडी. आणि 'लागत नाही' हे उत्तर राउंडला पुन्हा चालू लागलं.

मगदूमांना घरी सोडलं त्या सकाळी मी खुलाशाची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेलो. कारण जाणून घेण्याचा पहिला हक्क त्यांचा होता आणि तो त्यांना कुणी दिला नव्हता. ते खाटेवर बसले होते, कुबड्या मांडीवर आडव्या. बायको उभी होती. तस्लीम माझ्यामागे दाराशी होती; मी बोलावलं नव्हतं, ती आली होती.

"वाचा," मगदूम म्हणाले. "सगळं नगं. कशामुळं झालं तेवढं."

मी शेवटचा परिच्छेद वाचला. तो असा होता:

'जोडलेली शीर दुपारी दोन ते अडीचच्या सुमारास बंद पडली. त्यानंतर रुग्णाच्या डाव्या पायात नाडी नव्हती. डॉ. मुजावर यांनी दर तासाला मोजली ती त्यांच्या स्वतःच्या बोटांतली नाडी होती. पाच वाजता मी पाहिली ती माझ्या बोटांतली होती. बोट जोराने दाबल्यास असं होतं. बोट जोराने दाबायला डॉ. मुजावर यांना मी शिकवलं होतं, कारण नाडी लागत नाही हे उत्तर मी कधीही ऐकून घेत नसे. पाय गार पडल्याचं रुग्णाने आम्हा दोघांनाही सांगितलं होतं.'